बी कोणीतरी आणलं होतं



निर्गमच्या पुस्तकात एलीम हे ठिकाण जेमतेम एका वचनात येतं आणि जातं. लाल समुद्र ओलांडून आलेले लोक तीन दिवस पाण्यावाचून चालतात. मारा इथं पाणी सापडतं तेही कडू. मग कुरकुर, मोशेची विनवणी, आणि त्यानंतर हे एलीम: पाण्याचे १२ झरे आणि खजुरीची ७० झाडं. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण ते पटकन उरकतो, कारण पुढे मान्ना आहे, लावे पक्षी आहेत, सीनाय आहे. वाळवंटात अचानक दिसलेली झाडं माणसाच्या मनाला काय करतात, हे आम्हांलाही पुस्तकातून कधी कळलं नव्हतं. ते कळलं ऑस्ट्रेलियाच्या ऐन मध्यावर, फिंक गॉर्ज राष्ट्रीय उद्यानातल्या पाम व्हॅलीत.

आमची पुतणी ॲलिस स्प्रिंग्सच्या इस्पितळात नर्स आहे. तिच्या मुलीच्या बाप्तिस्म्यासाठी गेल्या जुलैत आम्ही दोघं तिकडे गेलो होतो. बाप्तिस्मा रविवारी होता. आदल्या शुक्रवारी जावईबापू म्हणाले, "काका, इथवर आलात तर लाल माती बघून जा." त्यांनी मित्राची उंच चाकांची फोर बाय फोर गाडी मागून आणली आणि शनिवारी पहाटे आम्ही चौघं आणि बाळ असे निघालो.

ॲलिस स्प्रिंग्सपासून पश्चिमेला सव्वाशे किलोमीटरवर हर्मन्सबर्ग नावाचं गाव आहे. तिथल्या अरंडा लोकांचं त्याला नाव न्तारिया. तिथपर्यंत डांबरी रस्ता. तिथून दक्षिणेला वळलं की रस्ता संपतो आणि नदी सुरू होते. हे शब्दशः. फिंक नदीच्या कोरड्या पात्रातूनच गाडी चालवायची. ही नदी जगातल्या सर्वांत जुन्या नद्यांपैकी एक मानली जाते, आणि वर्षाचे बहुतेक दिवस तिच्यात वाळूच असते. मोठा पाऊस झाला तरच ती काही दिवस वाहते. एरवी इथं तिथं राहिलेली डबकी, आणि काठाला पांढऱ्या खोडांची निलगिरीची जुनी झाडं. त्या भागात वर्षाला सरासरी २८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्या बेळगावकडे एखाद्या जोरदार आठवड्यात तेवढा पडून जातो.

सुमारे वीस किलोमीटरची ती वाट. शेवटचा टप्पा तर खडकांच्या पायऱ्यांवरून. गाडी इतकी हलत होती, की बाळाला कुशीत घट्ट धरून बसलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी मध्येच जपमाळ काढली. दोन्ही बाजूंना लाल कडे, काटेरी गवताचे पुंजके, आणि शांतता. पहाटे पाणी गोठेल अशी थंडी होती. दहा वाजता स्वेटर काढावे लागले.

आणि मग एका वळणावर पाम दिसले. एकदोन नव्हे, रांगाच्या रांगा. आपल्या ताडासारखीच सरळ खोडं आणि पंख्यासारखी पानं. लहान रोपांच्या पानांवर लालसर झाक. लाल कड्याखाली हिरवे झुबके, पायाशी खडकाच्या खळग्यांत साठलेलं थोडं पाणी, आणि त्या पाण्यात आभाळ. आम्ही गाडीतून उतरलो आणि काही वेळ कोणी काही बोललं नाही.

पाणी येतं कुठून? ते खडकातून येतं. तिथला वालुकाश्म वर्षानुवर्षं पावसाचं पाणी पिऊन ठेवतो आणि मग तळाशी थेंब थेंब सोडत राहतो. वर पाऊस नसला तरी मुळांना ओल मिळते. मोशेने काठी मारलेला खडक आम्हांला लगेच आठवला. वर्गात ती गोष्ट सांगताना आजवर आम्ही चमत्काराच्या घाईत असायचो. खडक आपल्या पोटात पाणी राखून ठेवू शकतो, हे मुलांना सांगायला आता आम्ही विसरणार नाही.

पण आमच्या मनात घर करून राहिली ती दुसरीच गोष्ट. ही झाडं तिथं आली कशी?

या जातीचे पाम या खोऱ्याच्या परिसराबाहेर आसपास कुठेच नाहीत. त्यांचे सगळ्यांत जवळचे भाऊबंद उत्तरेला साधारण १,००० किलोमीटरवर, भरपूर पावसाच्या प्रदेशात आहेत. मग अनेक वर्षं समजूत अशी होती, की लाखो वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख ओला आणि हिरवा असताना ही झाडं सगळीकडे होती. पुढे वाळवंट झालं, बाकीची मेली, आणि ओलीच्या आधारानं एवढीच उरली. म्हणजे ती एका गेलेल्या काळाचे अवशेष.

२०१२ साली शास्त्रज्ञांनी या झाडांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. टास्मानिया विद्यापीठाचे डेव्हिड बोमन हे त्यांपैकी एक. त्यांना आढळलं, की हे पाम आणि उत्तरेकडचे पाम यांच्यात फरक जवळजवळ नाहीच. लाखो वर्षांची ताटातूट असती तर असं दिसलं नसतं. ताटातूट फार तर काही हजार वर्षांची, साधारण १५,००० वर्षांच्या आसपासची. म्हणजे बी मागाहून आलं, आणि ते बहुधा माणसांनी आणलं असावं. पुढे बोमन यांच्या वाचनात एक जुनी नोंद आली. १८९४ साली कार्ल स्ट्रेलो या जर्मन लुथरन मिशनऱ्याने हर्मन्सबर्गला अरंडा लोकांच्या तोंडून ऐकलेली एक कथा टिपून ठेवली होती. उत्तरेकडून आलेल्या देवांनी या पामांचं बी इथं आणलं, अशी ती कथा. जी गोष्ट प्रयोगशाळेला शंभराहून अधिक वर्षांनी सुचली, ती त्या लोकांच्या आज्या आपल्या नातवंडांना कधीपासून सांगत होत्या.

ही हकिगत जावईबापू आम्हांला खडकावर बसून सांगत होते. चहाचा थर्मास मधे होता. तेवढ्यात पुतणीने विचारलं,

"काका, खरं सांगा. हिला मराठीत प्रार्थना शिकवून काय होणार? उद्या बाप्तिस्मा इंग्रजीत. फादर केरळचे. शाळा इंग्रजी. तुम्ही आणि काकू गेल्यावर मराठी बोलायला मी आणि हे, दोघंच. आमचं जे काय उरलंय तेच आम्ही सांभाळतोय. हिच्यापर्यंत ते पोचेल असं मला वाटत नाही."

हा प्रश्न तिने आम्हांला एकट्याला विचारला नव्हता. वाचकहो, तो तुम्हांआम्हां सगळ्यांचा आहे. बेळगावच्या सीमेवरच्या आमच्या धर्मग्रामात वीस वर्षांपूर्वी धर्मशिक्षणाच्या मराठी वर्गाला चाळीस मुलं बसायची. यंदा अकरा आहेत. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि कन्नड, मोबाइलवर हिंदी. इंदूर, बडोदा, हैदराबादकडच्या मंडळींचे निरोप येतात तेही याच चालीचे: मराठी उपासनेला म्हातारी माणसं, तरुण बाहेर. आणि मग आपण नकळत त्या जुन्या शास्त्रज्ञांसारखं बोलू लागतो. आपण उरलेले. आपण शिल्लक. कधीकाळी पाऊस होता, आता ओल आहे तोवर टिकायचं.

त्या खोऱ्यात बसून आम्हांला पहिल्यांदा वाटलं, की हे बोलणं आपल्या बाबतीतही खरं नाही. आपल्यापैकी कोणाच्याही अंगणात श्रद्धा आपोआप उरलेली नव्हती. प्रत्येक घरात ती कोणीतरी लांबून आणून लावली होती.

१६१६ साली राशोल इथं छापलेलं फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' घ्या. इंग्लंडचा हा येशूसंघी १५७९ साली गोव्याला आला, मराठी शिकला आणि प्रभूची कथा ओवीत सांगू लागला. त्या काळच्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती असल्याचं ज्ञात नाही. मग पुराण आपल्यापर्यंत आलं कसं? लोकांनी ते हातांनी उतरवून घेतलं. वहीवरून वही, पिढीवरून पिढी. अशा हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला सल्डाना यांनी ते पुन्हा छापलं. मधली जवळजवळ अडीचशे वर्षं ज्यांनी दिव्याच्या उजेडात ओव्या उतरवल्या, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. त्यांचे हात मात्र होते, म्हणून पुस्तक आहे.

परतताना आम्ही हर्मन्सबर्गला थांबलो. चुन्याने रंगवलेल्या दगडी इमारती, मधोमध लहानसं जुनं देऊळ, आणि आवारात मोठी सावली देणारी झाडं. १८७५ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातून निघालेले केंपे आणि श्वार्झ हे दोन लुथरन मिशनरी गुरंमेंढरं घेऊन वाळवंट तुडवत १८७७ साली इथं पोचले. वाटेत दुष्काळात अडकल्याने प्रवासाला दीड वर्षाहून जास्त काळ लागला. त्यांचं काम सगळंच गोड नव्हतं, हे आपण ख्रिस्ती माणसांनीच आधी म्हटलं पाहिजे. अरंडांच्या जुन्या विधींना मिशनच्या जागेत थारा नव्हता, आणि पूर्वजांचं बरंचसं त्यांना सोडायला लावलं गेलं. आणि हेही खरं, की गोऱ्या पशुपालकांच्या आणि पोलिसांच्या बंदुकांपासून त्या भागात आसरा मिळायचा तो याच आवारात. ज्या स्ट्रेलोने पामांची कथा टिपली, त्यानेच पुढे अरंडांच्या कथा आणि गाणी जर्मन भाषेत अनेक खंडांत लिहून ठेवली, आणि अरंडा माणसांना शेजारी बसवून नवा करार त्यांच्या भाषेत आणला.

त्या शेजारी बसणाऱ्यांत एक होते मोझेस त्यालकाबोता. त्यांची हकिगत आम्हांला तिथं समजली आणि आम्ही धर्मशिक्षक म्हणून आतून हललो.

हे अरंडा माणूस. लहानपणी मिशनच्या शाळेत शिकले, १८९० साली बाप्तिस्मा झाला. लगेच पुढच्या वर्षी थकलेले, आजारी मिशनरी निघून गेले आणि १८९४मध्ये स्ट्रेलो येईपर्यंत तिथं पाळक नव्हता. नुकता बाप्तिस्मा झालेल्या तरुणाला यापेक्षा कोरडी वेळ कोणती? तरी ते टिकले. पुढे, १९०५च्या सुमारास, त्यांची दृष्टी गेली. वाचणं संपलं. मग जे पाठ होतं त्याच्या जोरावर ते शिकवू लागले, आणि पाठ पुष्कळ होतं. १९२२ साली स्ट्रेलो आजाराने हर्मन्सबर्गहून निघाले आणि फिंकच्याच वाटेवर हॉर्सशू बेंडला वारले. मंडळी पुन्हा पोरकी झाली. पुढचा कायमचा पाळक यायला १९२६ उजाडलं. त्या काळात मंडळीला धीर देणाऱ्यांत हे आंधळे मोझेस होते. म्हातारपणापर्यंत ते पायी आणि गाढवावरून दूरदूरच्या वस्त्यांवर जात राहिले. वाट दाखवायला कोणीतरी सोबत असे. वचन मात्र त्यांच्याजवळ असे. १९५४ साली ते प्रभूकडे गेले.

प्रेषितांची कृत्ये यातला फिलिप आपल्याला माहीत आहे. देवदूत त्याला निर्जन वाटेवर पाठवतो आणि रथात बसलेला एक परदेशी त्याला भेटतो. मोझेस त्यालकाबोतांच्या वाट्याला रथही नव्हता आणि वाट बघायला डोळेही नव्हते. आमच्या वर्गातली मुलं कमी झाली म्हणून आम्ही कितीदा फादरांकडे तक्रार करतो! अकरा मुलं म्हणजे त्यांच्या एका वस्तीची मंडळी भरली असती.

आम्ही गाडीत हे पुतणीला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण काका, ते पामसुद्धा सगळीकडे नाहीत ना. एवढ्या मोठ्या वाळवंटात बी कुठं कुठं पडलं असेल. रुजलं एका खोऱ्यात."

नर्स आहे ती. वरवरच्या समाधानानं तिचं भागत नाही. आणि तिचं बरोबरच होतं. आणणाऱ्याच्या हातात फक्त आणणं असतं. खडकात ओल किती आहे हे त्याला दिसत नाही. पौलाने करिंथकरांना हेच सांगितलं होतं: एकाने लावलं, दुसऱ्याने पाणी घातलं, वाढवणारा मात्र देव. आम्ही तिला एवढंच म्हणालो, "बाळा, ओलीची चिंता तुझी नाही. ती त्याची. तू मूठ उघडायची की झाकून ठेवायची, एवढंच तुझ्याकडे आहे."

तिने उत्तर दिलं नाही.

त्या गावातली ओलीची गोष्टही इथं सांगायला हवी. १९२०च्या दशकाच्या शेवटी तिथं भीषण दुष्काळ पडला. ताज्या भाजीपाल्यावाचून स्कर्व्ही झाला आणि मिशनमधली कितीतरी लहान मुलं दगावली. काही किलोमीटरवर कापोरिल्या नावाचा झरा होता, पण गावापर्यंत पाणी आणायला पैसा नव्हता. तेव्हा मेलबर्नच्या व्हायोलेट आणि ऊना टीग या दोघी बहिणींनी चित्रांची विक्री करून निधी जमवला, आणि १९३५ साली नळाने पाणी गावात आलं. बाग झाली, भाजी झाली, मुलं जगू लागली. झरा देवाचा होता. नळ घालायला माणसं लागली.

याच गावात वाढलेले चित्रकार आल्बर्ट नामात्जिरा यांनी १९३६ साली रेक्स बॅटरबी या चित्रकाराबरोबर उंट घेऊन प्रवास केले, त्यांपैकी एक पाम व्हॅलीचा. जलरंग ते त्याच वर्षी शिकले. आज ऑस्ट्रेलियाच्या मोठमोठ्या संग्रहालयांत त्यांचे लाल डोंगर आणि पांढरी झाडं टांगलेली आहेत. रंगाची विद्याही कोणीतरी आणली आणि ती योग्य जागी रुजली.

आणि सगळ्यांत शेवटी ऐकलेली गोष्ट. जर्मन मिशनऱ्यांनी शिकवलेली जुनी लुथरन गीतं मध्य ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी बायका आजही आपल्या भाषांत चार आवाजांत गातात. २०१५ साली त्यांचं गायनमंडळ ती गीतं घेऊन जर्मनीला गेलं. ज्या देशातून सूर आले, त्याच देशात ते अरंडा आणि पित्यांत्यत्यारा भाषांत परत गेले. त्या प्रवासावर 'द साँग कीपर्स' नावाचा चित्रपट निघाला. निघताना मिशनऱ्यांना कोणी सांगितलं असतं, की १४० वर्षांनी तुमच्या नातवंडांच्या गावी ही गीतं या बायका घेऊन येतील, तर त्यांनी विश्वास ठेवला असता का?

रविवारी बाप्तिस्मा झाला. इंग्रजीतच झाला, आणि सुंदर झाला. बाळाच्या डोक्यावर पाणी पडलं तेव्हा ती रडली नाही, डोळे मोठे करून बघत राहिली. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर पुतणीने बाप्तिस्म्याची मेणबत्ती पुन्हा लावली आणि बाळाला मांडीवर घेतलं. काही न बोलता तिने प्रभूची प्रार्थना मराठीत सुरू केली. अर्ध्यात शब्द अडले. लहानपणी आमच्या आईने तिला शिकवलेले होते ते. काकूंनी पुढचा शब्द हळूच दिला, आणि ती शेवटपर्यंत गेली.

बाळाला त्यातलं काही कळलं नाही. ते कळण्याचं वयही नाही. पुढे ही मुलगी मराठीत प्रार्थना करील की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. आम्ही एवढंच पाहिलं, की मूठ उघडली गेली.

वाचकहो, या आठवड्यात एक काम करू या. आपल्याला पहिली प्रार्थना कोणी शिकवली ते माणूस आठवू या, नाव घेऊन त्याच्यासाठी देवाचे आभार मानू या. आई असेल, आजी असेल, गावातला एखादा मास्तर असेल, दर रविवारी सायकलवरून येणारा धर्मशिक्षक असेल. मग तीच प्रार्थना, त्याच भाषेत, घरातल्या एका लहान मुलाला शिकवू या. मूल परदेशी असेल तर फोनवरून. चुकत शिकलं तरी चालेल.

प्रार्थना करू या:

हे प्रभो, कोरड्या खडकाच्या पोटात तू पाणी राखून ठेवतोस. ज्यांनी दूरवरून तुझं वचन आमच्यापर्यंत आणलं, त्या नाव असलेल्या आणि नाव हरवलेल्या सगळ्यांसाठी आम्ही तुझे आभार मानतो. आणताना ज्यांच्या हातून इतरांना दुःख झालं, त्यांना क्षमा कर आणि त्या जखमा भरून काढ. आम्ही थोडे आहोत म्हणून आम्हांला खचू देऊ नकोस. आमच्या मुठीत तू जे दिलं आहेस, ते झाकून ठेवण्याचा मोह आमच्यापासून दूर ठेव. आमची मुलं जिथं जिथं गेली आहेत तिथली ओल तुला ठाऊक आहे. त्यांना वाढव. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.